कागदांच्या लढाईतल्या साथीदार

अख्ख्या कोकण विभागाचं आयुक्तालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. पण माजी सैनिकांचं काम जिल्ह्यावार चालतं. बेलापूरच्या वीरपत्नीने ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं. शेजारचं खारघर रायगडात, म्हणून तिथल्या बाईंनी थेट अलिबाग! अशा वेळी सोबत येणारी, अर्ज भरून देणारी बाई भाषणांपेक्षा मोलाची.

अडतं बहुधा क्षुल्लक गोष्टीवर. सेवेच्या नोंदीत ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, की कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल थबकलीच. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याला राबून झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. २०२१पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो, हे अनेकींना कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

अशा साथीची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत सुरू झाली, ती गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने. पुढे ती खडकीला गेली, आजही चालू आहे. लष्करी अधिकारी-जवानांच्या पत्नींची ‘आवा’ ही संघटना १९६६ची. गणवेशाशी नातं नसलेल्याही यात उतरतात: बँकेत नोकरी केलेल्या अनुराधा प्रभुदेसाई २००४ला कारगिल पाहून आल्या आणि ‘लक्ष्य फाउंडेशन’ उभं राहिलं.

या साथीला पैशांचीही जोड असते: ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठीही असतो.