अंदमानच्या पाण्याखाली उतरताना

कधी जावे : नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते.

कुठे : स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) हे स्कूबाचे मुख्य ठिकाण. स्नॉर्केलिंगसाठी तिथलाच एलिफंट बीच किंवा वंडूरजवळचे जॉली बॉय बेट. हे बेट १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. तिथे प्लास्टिकला बंदी आहे.

काय दिसते : समुद्रफुलाच्या झुपक्यात लपणारे क्लाउनफिश आणि पोपटमासे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, तेव्हा त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

पोहता येत नसेल तर : प्रशिक्षकासोबत साधारण १२ मीटरपर्यंत उतरता येते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत कान मोकळे करत राहावे. स्कूबात श्वास कधीही रोखू नये. वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते आणि जिवावर बेतू शकते. डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

हे पाळाच : प्रवाळ हा सजीव आहे. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. पायातल्या फिनचा एक फटका अनेक वर्षांची वाढ मोडून टाकतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने इथले प्रवाळ पांढरे पडले होते. उरलेले जपणे आपल्या हातात आहे. त्यांवर उभे राहू नका, तुकडा उचलू नका; वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे.