काकू, व्यासपीठ सन्माननीय का असतं?

पहाटे ५.३०
ऑगस्ट सरत आलाय. गोदावरीला पाणी आहे, नांदेडच्या नगिना घाटाच्या पायऱ्या निसरड्या झाल्यात. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन इथपर्यंत ऐकू येतं. मी इथं मोठ्यानं बोलते. काहीही; काल तर किराण्याची यादीच म्हटली. साठी उलटल्यावर आवाज सकाळी फाटकाच निघतो, त्याला वळणावर आणावं लागतं. फिरायला येणारे आता बघतही नाहीत.

सकाळी ८
फोनवर पालकांचे निरोप. सतरा सप्टेंबर जवळ आला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम. एका बाबांनी विचारलंय, ‘काकू, भाषण लिहून द्याल का? पाठांतर आम्ही करून घेतो.’

शाळेत होते तेव्हा वीस-बावीस वर्षं मी हेच केलं. एकच भाषण, दरवर्षी नवं लेकरू. ‘निजामाच्या जुलमी राजवटीत’ म्हणताना उजवा हात वर, ‘स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली’ला छातीवर. ढाली पुष्कळ आल्या. त्यातल्या एकाही लेकराला रझाकार म्हणजे कोण, हे मी विचारलं नव्हतं. बाबांना लिहिलं, ‘नाही देणार. दुसऱ्याचं पाठ करायला नको म्हणूनच लेकरू घरी शिकवताय ना?’ दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१०
बाबानगरातला हॉल. नीटच्या पोरांचा क्लास इथं दुपारून भरतो, म्हणून सकाळी स्वस्तात मिळतो. माझ्या बोलण्याच्या वर्गाला सात जण, नऊ ते सोळा वयाचे, सगळे घरी शिकणारे. एका डॉक्टर जोडप्याची दोघं, बँकेतल्या बदल्यांना कंटाळलेल्या घरातला एक, अर्धापूरकडचे बहीणभाऊ आणि सिडकोतल्या दोघी बहिणी. त्यांतली थोरली मुक्त विद्यालयातून दहावीला बसणार आहे. शाळेत न जाता परीक्षा देता येते, हेच अजून पुष्कळांना पटत नाही. तिच्या आत्याला वाटतं, पोरगी नापास झालीय आणि घरचे लपवायलेत.

घरी शिकणाऱ्या लेकरांना बोलता येत नाही, हा समज तर अगदीच उलटा. मोठ्या माणसांशी ही पोरं बरोबरीनं बोलतात. नळ दुरुस्त करायला आलेल्याला वायसर का बदलला ते विचारतात. अडतं दुसरीकडेच. आजवर त्यांचं ऐकणारा माणूस कायम घरचा होता. आईनं अर्ध्यातच ओळखलं, म्हणून वाक्य पुरं करायची गरजच पडली नाही. शाळेतल्या लेकरांची वाक्यं पुरी असायची, पण त्यांची नसायची. आता माझ्यासमोर त्यांची स्वतःची वाक्यं आहेत, सगळी अर्धी.

बँकवाल्यांचा पोरगा उभा राहिला. कुठंतरी व्हिडिओ बघून आला होता. ‘सन्माननीय व्यासपीठ...’ आणि थांबला. ‘काकू, व्यासपीठ सन्माननीय का असतं? लाकडाचं आहे ना?’ बाकीचे हसले, तो खरंच विचारत होता. बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, ‘वर बसलेल्यांना म्हणायचं असतं.’ ‘मग तसंच म्हणू का? वर बसलेल्यांनो?’

अजून ठरवता आलं नाही.

११.१५
अर्धापूरची बारा वर्षांची. नव्वदीला टेकलेल्या पणजीला ‘रझाकाराच्या साली काय झालं’ विचारून ये, असं तिला सांगितलं होतं. कागद न घेता उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली, सुटलं की पुन्हा.

‘त्या साली पणजीच्या आईनं सोनं पेवात टाकलं. मग ते आले. मग गेले. झालं.’

सगळे गप्प. मग सिडकोची धाकटी म्हणाली, ‘पेव म्हणजे?’

हिला धक्काच बसला. पेव माहीत नाही? ती माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. मग तिनं हातानं हवेत आकार काढला. तोंड अरुंद, पोट मोठं. जमिनीत खोल. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड, वर माती. ‘आणि उघडलं की लगेच उतरायचं नाही. कंदील सोडायचा. विझला तर माणूस मरतं.’ ‘का मरतं?’ ‘हवा खराब होती आत. ज्वारीनं.’ ‘मग सोनं काढायला कोण उतरलं?’

ओढणी केव्हाच सुटली होती. सोनं काढायला पणजीच उतरली, आठ-नऊ वर्षांची, अंगानं बारीक म्हणून. हे पोरीनं आधी सांगितलंच नव्हतं, कारण घरात सगळ्यांना माहीत आहे.

उमरीजवळ गोरट्याला दासगणू महाराजांचं ठाणं. त्यांच्या नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्व. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. लेकरांना मी थेट उत्तररंगात उतरवते. तत्त्व त्यांना वय झाल्यावर सुचेल, न सुचलं तरी चालेल. तिला म्हटलं, ‘उद्या कंदिलापासून सुरू कर.’

१.३०
भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अर्धा तास झोप.

३
लातूरचा पोरगा, फोनच्या पडद्यावर. हा घरी शिकत नाही. कॉलेजात नाव आहे आणि दिवसभर खोलीत चाचणी परीक्षा सोडवतो. सकाळपासून बोललेलं पहिलं वाक्य माझ्याशी. ‘मॅडम, बोलायलो तर काही सुचनाच गेलंय.’ कुरुंदकर गुरुजींचं सांगितलं. इंटरला नापास झालेला माणूस, पुढे आमच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, महाराष्ट्रभर भाषणं दिली, आणि १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच गेला. पोरानं ‘नापास’ तेवढंच ऐकलं. ‘खरंच नापास?’ आणि पहिल्यांदा हसला. बाकीचा वेळ मेसच्या भाजीवर बोललो. चांगलं बोलला.

५
इतवारा. पोरं माझ्यामागं. काम एवढंच: अनोळखी माणसाला एक प्रश्न, तोही पुरा. डॉक्टरांचा धाकटा पेरूवाल्यापुढं पुटपुटला, ‘हे... कसं...’ पेरूवाला म्हणाला, ‘मोठ्यानं बोल की राजा, मी काय तुझी माय हाव का?’ माझा दीड तासाचा तास त्यानं एका वाक्यात घेतला. पेरू अर्धा किलो जास्तच घेतले.

रात्री ९
अर्धापूरहून आवाजी निरोप. मागं पणजीचा आवाज आहे, ती कुणावर तरी चिडलीय. मुलगी म्हणते, ‘काकू, पणजी म्हणायलीय पेव आमचं नव्हतं, शेजारच्यांचं होतं. त्यांनीच सोनं ठेवू दिलं. आम्ही आजवर चुकीचंच सांगत होतो. आता बदलू का?’

‘बदल,’ मी म्हटलं. ‘आणि शेजाऱ्याचं नाव विचार.’