रेशमाचा धागा आणि त्वचेचा दोर

बंगळूरच्या चिकपेटेत रेशमी लुगड्यांची दुकाने दाटीने उभी आहेत. जाणते गिऱ्हाईक अंगठा व तर्जनी यांमध्ये पदर धरून कापडाची पारख करते. त्या वेळी परस्परांस टेकलेले रेशीम आणि बोटाची त्वचा ही दोन्ही मुख्यतः एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात. ते द्रव्य म्हणजे पॉलिपेप्टाइड होय.

अ‍ॅमिनो अम्लांचे रेणू माळेतील मण्यांप्रमाणे जोडले गेले म्हणजे पॉलिपेप्टाइडाची साखळी तयार होते. मणी सुमारे वीस प्रकारचे; परंतु त्यांचा क्रम बदलला की साखळीची घडी बदलते, आणि घडीबरोबर गुणही. रेशमात ग्लायसीन हा सर्वांत लहान मणी बहुतेक ठिकाणी एकाआड एक येतो, म्हणून साखळ्या एकमेकींस चापून बसतात.

त्वचेच्या आतील थरास बळकटी देणाऱ्या कोलॅजेनात तोच मणी दर तिसऱ्या जागी असतो. ह्या एवढ्याशा फरकाचा अर्थ मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडला. कोलॅजेन हा तीन पेडांचा दोर आहे, असे त्यांनी १९५४ मध्ये मांडले व १९५५ मध्ये त्या रचनेत सुधारणा केली. तीन पेड जेथे जवळ येतात तेथे जागा इतकी अपुरी असते की ग्लायसीनवाचून दुसरा मणी मावत नाही. पुढे अन्य संशोधकांनीही रचनेत दुरुस्त्या केल्या. तीन पेड मात्र कायम राहिले. रामचंद्रन यांनीच १९७१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग स्थापन केला.

हा पीळ घट्ट राहण्यासाठी प्रोलीन नावाच्या काही मण्यांत किंचित रासायनिक बदल व्हावा लागतो, आणि त्यास क जीवनसत्त्व लागते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास स्कर्व्ही जडतो: हिरड्यांतून रक्त येते, त्वचेवर रक्ताचे ठिपके उठतात, भरलेल्या जखमाही उकलू लागतात. आवळा, पेरू व लिंबू यांची थोरवी येथे आहे.

प्रखर उन्हानेही कोलॅजेन तुटते व सुरकुत्या लवकर पडतात. त्यावर कोलॅजेनाची मलमे विकली जातात. पण एवढा मोठा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरत नाही. मलम फार तर ओलावा धरून ठेवते. पोटात घेतलेल्या कोलॅजेनाचेही पचनात सुटे मणी व लहान तुकडे होतात. अखंड दोर त्वचेपर्यंत पोहोचत नाही. तो त्वचेतील पेशींनाच नव्याने वळावा लागतो.