हात वाढले, तरी काम पुरलं
लेखमाला : घाम आणि दाम – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण मुंबईच्या मजूर अड्ड्यावर होतो. बाहेरून माणसं आली की इथल्यांची मजुरी पडते, ही तिथली सर्वात जुनी तक्रार. आज जरा उलट्या वाटेने जाऊ, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला.

हे गाव पर्जन्यछायेतलं. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. 1972च्या दुष्काळानंतर गाव मुंबई-पुण्याच्या वाटेला लागलं. 1989-90मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, रोजगार हमीतून चर-बंधाऱ्यांची कामं निघाली, 1994मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. पुढच्या काळात शहरात गेलेली डझनावारी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन परतली.

ही माणसं गावचीच, हे खरं. पण मजुरीच्या बाजाराला जन्मदाखला लागत नाही. त्याच्या लेखी कामाला येणारे हात वाढले, एवढंच. मग जे गावात टिकून राहिले होते, त्यांच्या पोटावर पाय यायला हवा होता. भाकरी तेवढीच आणि खाणारी तोंडं वाढली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येणार, हा आपला हिशेब. तो इथे चुकला, कारण भाकरीही मोठी झाली.

कशी, ते बघण्यासारखं आहे. पाणी मुरलं, विहिरी भरल्या आणि एका पिकाच्या जागी दोन पिकं आली. कांद्याचंच घ्या. रोपांची लागण, खुरपणी, काढणी, पात कापणं, प्रतवारी. एकेका वाफ्याला चार-पाच वेळा माणूस लागतो. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढलं, ते कापून आणायची मुभा होती, त्यामुळे गोठे भरले. गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरवरून चार हजारांच्या घरात गेलं. गोठ्याचं काम तर बारमाही. 1995मध्ये सरासरी मासिक उत्पन्न 830 रुपये होतं, ते 2012पर्यंत तीस हजारांच्या आसपास गेल्याची नोंद आहे. महागाई वजा केली तरी ही वाढ डोळ्यांत भरते.

याला शिस्तीची जोड होती. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं आणि जनावरांचं पाणी बाजूला, उरलेल्यावर रब्बीची पिकं ठरतात. ऊस आणि केळीला बंदी, सिंचनासाठी बोअरवेललाही. बाहेरच्यांना जमीन विकायची नाही, हाही ठराव. म्हणजे हातांना दार उघडं, जमिनीला कुलूप.

हात वाढले की मजुरी पडते का, हा प्रश्न अमेरिकेतही तपासला गेला. 1980मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक होड्यांनी आले आणि मायामी शहराचं मनुष्यबळ काही महिन्यांत सातेक टक्क्यांनी वाढलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990मध्ये दाखवलं की स्थानिक मजुरांच्या मजुरीवर त्याचा जवळपास काहीच परिणाम झाला नाही. पुढे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच घटना पुन्हा तपासली आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी मात्र चांगलीच घसरली, असा निष्कर्ष काढला. तो वाद अजून मिटलेला नाही. तरी बहुतेक अभ्यासकांना दोन गोष्टी मान्य आहेत. एकूण परिणाम सहसा थोडाच असतो. आणि झळ बसते ती नव्याने येणाऱ्यासारखंच काम करणाऱ्याला, बहुतेकदा आधी आलेल्या स्थलांतरितालाच. बिगारी वाढले तर गवंड्याला बरकत येते. चिमटा बसतो आधीच्या बिगाऱ्याला.

माणसं अडवली तर मजुरी वाढते का? मेक्सिकोतल्या शेतमजुरांना आणणारी ब्रासेरो योजना अमेरिकेने 1964मध्ये बंद केली. स्थानिकांची मजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. उलट कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोच्या शेतांत माणसांच्या जागी काढणीची यंत्रं आली.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘बाहेरच्यांमुळे मजुरी पडली’ म्हणालं, तर दोन प्रश्न विचारा. कामही वाढलं का? आणि पडेल भावात काम नाकारायची ताकद स्थानिकाकडे आहे का? महाराष्ट्राने 1977च्या रोजगार हमी कायद्याने ही ताकद द्यायचा प्रयत्न केला. जिथे दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तिथे आलेल्या मजुराला हाकलून स्थानिकाच्या पदरात फार काही पडणार नाही.

पुढच्या भागात : ऊसतोड, कोयता आणि हार्वेस्टर.