आर्द्रेचा तांबडा तारा आणि डीजेचा ठेका

मघाशी बाहेर चहा घेताना शेजारी दोन मुलं बोलत होती. दोघंही ट्रान्स संगीताची शौकीन. एक म्हणाला, "त्या मिक्समध्ये दुसरा ट्रॅक कधी आत आला, समजलंच नाही भाऊ!" दुसऱ्यानं मध्येच विचारलं, "अन् तो काक्षी तारा फुटणार होता, त्याचं काय झालं?" म्हटलं, आपलं आजचं व्याख्यान या दोघांनी सुरूच करून दिलं. या दोन गोष्टींत एक धागा आहे, तोच आज उलगडू.

आधी डीजे. यवतमाळात डीजे म्हटलं की दुर्गोत्सवाच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. पण मुळात डीजे म्हणजे ट्रॅक जुळवणारा माणूस. नव्वदच्या दशकात गोव्यात, हणजूणच्या किनाऱ्यावर घडलेला 'गोवा ट्रान्स' जगभर गेला. समजा एका ट्रॅकचा वेग मिनिटाला १३८ ठोके आहे आणि दुसऱ्याचा १४०. दोन्ही एकदम सुरू केले तर पहिले काही ठोके जुळतात. पंधरा सेकंदांनी एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत पडतो, तिथं गोंधळ ऐकू येतो. तीस सेकंदांनी पुन्हा दोघं एकत्र. म्हणून डीजे आधी दोघांचा वेग सारखा करतो. दोन ठेके कधी जुळतात आणि कधी तुटतात, हे ज्याच्या कानाला कळतं तो डीजे.

आता तारा. आपल्या शेतकऱ्याला रोहिणी, मृग, आर्द्रा शिकवावी लागत नाहीत; कपाशीच्या पेरणीचं बोलणंच त्या नावांनी होतं. आर्द्रेचा तारा म्हणजेच काक्षी, इंग्रजीत बेटेलज्यूझ. पण २२ जूनच्या सुमारास आर्द्रा लागते तेव्हा सूर्य त्याच भागात असतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर हा तारा दिसत नाही. तो पाहायचा हिवाळ्यात. मृगाचे चार पाय म्हणजे चौकोनाचे चार तारे. त्यातला तांबूस तो काक्षी.

हा महाराक्षसी तारा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, सगळे त्याच्या पोटात जातील. एवढा फुगलेला, म्हणून सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही हजारो पटींनी कमी. अन् तो धडधडतो. आतला वायू दाबला जातो, तापतो, बाहेर ढकलतो. बाहेर गेला की थंडावतो, मग पुन्हा आत येतो. टिमकी पटकन वाजते, मोठा ढोल घुमत राहतो, तसंच इथं: तारा जितका मोठा आणि विरळ, तितका ठेका संथ. सूर्याची थरथर साधारण पाच मिनिटांची. त्या थरथरीवरून सूर्याच्या पोटातलं शोधणाऱ्यांत आपल्या मुंबईचे शशिकुमार चित्रे होते. काक्षीचा एक ठेका मात्र सुमारे ४०० दिवसांचा!

आणि त्याच्यात दुसराही एक ठेका आहे, सुमारे २१०० दिवसांचा, म्हणजे पावणेसहा वर्षांचा. तो बहुधा जवळून फिरणाऱ्या छोट्या सोबत्यामुळे पडतो. त्या सोबत्याचा पुसट प्रकाश टिपल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे हा ताराच एक मिक्स आहे म्हणा ना.

२०१९ च्या शेवटी दोन्ही ठेक्यांचे मंद टप्पे जवळजवळ एकत्र आले. त्यात ताऱ्यानं वायूचा मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेआड आली. पृष्ठभागाचा काही भागही थंडावला. फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षीचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं. "आता फुटणार" म्हणून बातम्या सुरू झाल्या. तो फुटला नाही. वसंतात पुन्हा उजळला. फुटणार हे नक्की, पण पुढच्या एखाद्या लाख वर्षांत कधीतरी. त्या झटक्यानंतर मात्र ४०० दिवसांचा ठेका काही काळ बिघडला आणि त्याच्या निम्म्या लांबीचा ठेका दिसू लागला.

घाबरायचं की नाही, हे कुणी ठरवलं? अनेक वर्षांच्या नोंदींनी. १८३६ मध्ये जॉन हर्शेलनं हा तारा कमीजास्त होतो हे साध्या डोळ्यांनी हेरलं. त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी रात्रीमागून रात्री नोंदी केल्या. ज्याच्याकडं जुन्या नोंदी आहेत, त्याला मंद टप्पा आणि शेवट यातला फरक सांगता येतो. ज्याच्याकडं एकाच रात्रीचं दृश्य आहे, त्याच्या हातात अफवाच उरते.

म्हणून चहावाल्या त्या दोन मित्रांना माझं एक सांगणं आहे. तुमचा कान ठेक्याला तयार आहे, डोळाही करा. पंधरा दिवसांतून एकदा काक्षीकडं बघा. रोहिणीपेक्षा तेजस्वी वाटतो की कमी, ते तारखेसह वहीत लिहा. दुर्बीण लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर तो रात्री साडेदहाच्या सुमारास पूर्वेला उगवतो. दहा वाजता स्पीकर बंद झाला की मुलं हिरमुसतात. हिरमुसू नका, अर्धा तास थांबा. दुसरा डीजे तेव्हाच यायचा असतो.