गतिमापक : तारेचा की बिनतारी?

गारखेड्याच्या सूतगिरणी चौकातून शाळा-कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या सायकलीच्या हँडलवर काडेपेटीएवढा छोटा पडदा तुम्ही पाहिला असेल. गती, अंतर आणि लागलेला वेळ त्यावर उमटत असतो. हाच सायकल-संगणक. तो तारेचा मिळतो, तसा बिनतारीही मिळतो. आणि बिनतारी बहुधा महाग असतो. महाग आहे म्हणजे अधिक अचूक असणार, असे समजून साठवलेले पैसे त्यावर घालण्यापूर्वी त्याच्या आत काय चालते ते पाहू या.

पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर लहानसा चुंबक बसवतात आणि त्याच्यासमोर चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर, एक डबी. पुष्कळशा संचांत या डबीत ‘रीड स्विच’ असतो. काचेच्या बंद नळीत दोन लवचीक लोहयुक्त पट्ट्या, टोकांशी किंचित अंतर राखून. चुंबक जवळून गेला की दोन्ही पट्ट्या चुंबकित होतात, त्यांची टोके चिकटतात आणि क्षणभर विद्युत्‌मंडल पूर्ण होते. बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली असा स्विच बनवला, तो टेलिफोनच्या कामासाठी.

म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्पंद. चाकाचा परीघ २.१ मीटर असेल आणि दोन स्पंदांमध्ये ०.४२ सेकंद गेले, तर गती सेकंदाला ५ मीटर, म्हणजेच ताशी १८ किलोमीटर. चुंबक स्पोकवर वर-खाली सरकवला तर गती बदलून दिसेल का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. नाही दिसणार, चुंबक कोठेही असला तरी फेऱ्यामागे स्पंद एकच.

आता लक्षात येईल की, दोन्ही प्रकारांत मोजणी एकच आहे. फरक आहे तो स्पंद हँडलपर्यंत कसा पोहोचतो एवढ्यात.

तारेच्या संचात तो दोन बारीक तारांतून जातो. डबीला वेगळा विद्युत्‌घट लागत नाही. पडद्यातला एकच पुरतो. शेजारच्या यंत्राचा त्रास नाही. दुखणे एकच, तार तुटण्याचे. हँडल वळते तेथे ती पुन्हा पुन्हा वाकते आणि थकते. म्हणून तेथे थोडी सैल ठेवावी, पण स्पोकमध्ये अडकेल इतकी नव्हे. तुटलीच तर डाग देऊन जोडता येते, आणि हे काम शाळेच्या प्रयोगशाळेतही होते.

साध्या बिनतारी संचातील भौतिकी अधिक रंजक आहे. यातील पुष्कळ संच फार कमी वारंवारतेवर चालतात. त्या लहरींची लांबी किलोमीटरांत भरेल. त्यामुळे हँडलपाशी पोहोचते ते खरे तर डबीतल्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र. ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. डबी ६० सेंटिमीटरवरून ९० सेंटिमीटरवर नेली, तर अंतर दीडपट होते, पण क्षेत्र एक-तृतीयांशाहूनही कमी उरते! पडदा मध्येच शून्य दाखवू लागला तर डबी चिमट्यावर वर सरकवावी आणि चुंबकही तिच्यासमोर आणावा. तरीही भागले नाही तर डबीतला घट तपासावा, कारण इथे घट दोन असतात. हँडलवरच्या काही एलईडी दिव्यांचे विद्युत्‌मंडल याच पट्ट्यात गोंगाट करते, आणि अगदी खेटून चाललेल्या मित्राच्या सायकलीचे स्पंदही आपल्या पडद्यात शिरू शकतात. सांकेतिक बिनतारी संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात व प्रत्येक डबी आपला ओळखक्रमांक पाठवते. त्यांत ही सरमिसळ होत नाही. किंमत अर्थात वाढते.

पण खरी चूक शिरते ती परिघातून, आणि ती दोन्ही संचांत सारखीच. टायरवरचा आकडा पाहून तुम्ही २१०० मिलिमीटर भरलेत. परंतु हवा कमी असल्याने आणि तुमच्या वजनाने चाकाची परिणामी त्रिज्या ३ मिलिमीटरने घटली, तर परीघ सुमारे १९ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक टक्का, कमी होतो. दौलताबाद ओलांडून वेरूळच्या वाटेवर ३० किलोमीटर गेलात की पडदा सुमारे २७० मीटर जास्त दाखवील. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापायच्या उपक्रमात, हीच चूक पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जाते. अंतर पाहून वळण शोधणारा अशा वेळी फाटा गाठण्याआधीच भलत्या रस्त्याला वळायचा.

म्हणून हवा नीट भरा, टायरवर खडूची खूण करा, सायकलीवर बसून मित्राच्या आधाराने सरळ रेषेत पाच फेरे जा, अंतर टेपने मोजा आणि पाचाने भागा. पाच फेरे यासाठी की, टेप लावताना झालेली चूकही पाचाने भागली जाते.

रोजच्या शाळेच्या वाटेसाठी मी तारेचाच संच घ्यायला सांगेन. सायकल वारंवार सोडून गाडीत घालावी लागत असेल, किंवा चिमट्याला स्प्रिंग असून तार ताणली जात असेल, तर बिनतारी घ्यावा. मात्र तो सांकेतिक आहे ना, हे दुकानातच विचारून घ्यावे.