ग्रुपचा ॲडमिन नेमकं करतो काय?

"ग्रुपवर सगळे शहाणीसुरती माणसं आहेत, तिथे राखणदार कशाला?" असं मला बरेच जण विचारतात. मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, म्हणून विचारत असावेत. तर आज त्याबद्दल.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. फिरून भिक्षा मागणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून आधीच फिरत होत्या. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात असा. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात. पण तेवढा तुकडा कापून बाकीचा फिरवला गेला. खरं सांगायचं तर हे शोधायला फार वेळ लागत नव्हता. फक्त शोधायचं कुणी, हे कुणाचंच काम नव्हतं.

आता मुद्दा असा की व्हॉट्सॲपचे संदेश कूटबद्ध असतात, म्हणजे मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला दिसत नाही. खासगीपणासाठी ते चांगलंच. पण म्हणूनच कंपनी ग्रुपमधला मजकूर स्वतःहून वाचून काढू शकत नाही, फार तर वेग कमी करू शकते. तो तिने केलाही: जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. मजकूर खरा की खोटा, हे मात्र ग्रुपमधल्याच माणसाने बघायचं.

ॲडमिनवर कायद्याचा बोजा किती, याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. मला हे पटतं. पण "जबाबदार नाही" म्हणजे "बघायचंच नाही" असं अनेकांनी धरलंय! दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय ॲडमिनला २०२२ पासून आहे. ती किती जण वापरतात?

मी वापरतो, आणि त्यात भांडणं होतात. मागे आमच्याकडच्या एका काकांनी "आपल्या भागात टोळी फिरतेय" असा संदेश टाकला. कुठे, कधी, कुणी पाहिलं, काहीच नाही. मी पाच मिनिटांत काढला आणि लगेच काकांना फोन केला. लगेच अशासाठी की तोवर तो चार ठिकाणी गेला असता. काका म्हणाले, "तू मला खोटारडा ठरवलंस." महिनाभर लिफ्टमध्ये बोलले नाहीत.

परवा त्यांचाच मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. खाली एक फॉरवर्ड आणि वर एवढंच: "हे बघ रे जरा, टाकू का?"